किल्ल्यावरचा शिपाई

समता कॉलोनीतल्या स्टेशनरीच्या दुकानात, दिवाळीच्या आधी, ती बाई मला एकदाच भेटली. आईच्या वयाची असेल. पिशवीतून बोटाएवढा मातीचा शिपाई काढून ती रंगाची एकेक बाटली त्याच्याशेजारी धरून बघत होती.

"आंटी, फौजी तो हरा ही होता है," दुकानदार म्हणाला.

मला फोनवर मराठी बोलताना तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे वळली. "मागच्या वर्षी हिरवेच रंगवले, पोराच्या वर्दीसारखे. किल्ल्यावर मोहरी उगवली अन् एकही दिसूनच नाही राहिला."

मुलगा बस्तरच्या जंगलात ड्यूटीवर होता.

"तिथं तो नाही दिसला तर बरंच आहे," ती म्हणाली. "घरच्या किल्ल्यावर तरी दिसला पाहिजे ना."

मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही. पण शाळेत शिकलेलं रंगचक्र आठवलं आणि मी लाल बाटली पुढे केली. "हिरव्यावर हाच सगळ्यात उठून दिसतो."

तिने ती घेतली नाही. शिपायावर हलकेच तळहात ठेवला.

"लाल नको, बेटा."

का नको ते कळलं तेव्हा बाटली कुठे ठेवावी हेच मला सुचेना. तिने ती माझ्या हातातून काढून जागेवर ठेवली आणि शेजारची पिवळी उचलली.

"हा बरा. हळदीचा. सुट्टीवर आला की त्याच्यासाठी पोरगी पाहाले जायचं आहे."