रसूलशेठच्या गाडीतली गार हवा

भिवंडीच्या बर्फ कारखान्यात यादव अकरा वर्षं ऑइलमन होता. कामतघरहून पायी यायचा आणि कॉम्प्रेसरला तेल घालायचा. खरं तर सगळं मशीन तोच सांभाळायचा, पण सही ऑपरेटरची, कारण त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं आणि यादवकडे सातवी पासचा दाखला. ऑपरेटरची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा बाहेरून माणूस आला आणि दोन्ही वेळा त्याला काम यादवनंच शिकवलं.

शहात्तर सालच्या मे महिन्यात रसूलशेठचा ड्रायव्हर लडकू बर्फाची अख्खी लादी घ्यायला आला.

"लग्न हाय का रे घरात?" यादवनं विचारलं.

"न्हाय रे दादा. घमेल्यात घालून गाडीत ठेवायचाय." कोन गावचा लडकू अगदी रडकुंडीला आला होता. "एसी गेलाय."

रसूलशेठचे कापड विणायचे चाळीस लूम होते आणि कुठल्याशा वकिलातीकडून विकत घेतलेली एक परदेशी गाडी. एसीची गाडी तेव्हा भिवंडीत दुसरी कुणाकडे असल्याचं मला तरी आठवत नाही. शेठच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं आणि परवा तिला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टीला धूळ लागता कामा नये, घाम लागता कामा नये. म्हणजे काचा बंद. मुंबईच्या एका गॅरेजनं दोनदा गॅस भरला आणि शेवटी सांगितलं, कॉम्प्रेसर संपला, नवा परदेशातून येईल, तीन महिने लागतील.

यादवनं हात पुसले. "गाडी चालती असताना गार लागतं?"

"मोकळ्या रस्त्याला बरं लागतं. गर्दीत उभी रायली का भट्टी! इंजिनाचा काटापन वर चढतो."

"मग कॉम्प्रेसर संपलेला नाही. संपला असता तर मोकळ्या रस्त्यालाही गार झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर यादव शेठच्या कारखान्यावर गेला. लूमच्या खडखडाटात गाडी नेहमीच्या जागी, पत्र्याच्या भिंतीला लागून उभी होती. शेठनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"लडकू, ये बर्फवाला गाडी का डॉक्टर कब से बन गया?"

"शेठ, मी काही खोलत नाही," यादव म्हणाला. "इंजिन चालू ठेवा, एसी लावा आणि तुम्ही आत बसा. मला दोन बादल्या पाणी द्या."

शेठ हसले, पण बसले. यादवनं बॉनेट उघडलं. पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. गॅसच्या नळीवरच्या काचेतून पाहिलं, बुडबुडे नव्हते, म्हणजे गॅसही पुरेसा. मग पुढच्या जाळीजवळच्या नळीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. नळी नको तितकी तापली होती. बर्फ कारखान्यात कंडेन्सरवरचं पाणी बंद पडलं की नळ्या अशाच पोळतात, हे त्याला अकरा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. मशीन उष्णता ओढून आणतं, पण ती बाहेर टाकायला वाट मिळत नाही. गाडीत ती वाट म्हणजे ही पुढची जाळी.

त्यानं बादली उचलली आणि पुढच्या जाळीवर हळूहळू पाणी ओतलं. एक बादली संपली. दुसरी निम्मी झाली तेवढ्यात शेठनं काच खाली केली.

"अरे! ठंडा आ रहा है!"

"पाणी थांबलं की परत गरम होईल," यादव म्हणाला. झालंही तसंच. आता शेठ खाली उतरले. "तो फिर खोलो," ते म्हणाले. यादवचं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

पुढची जाळी लडकू रोज फडक्यानं पुसायचा, ती लखलखीत होती. यादवनं पाणी काढून तिच्यामागच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचे बोल्ट सोडले आणि तो वीतभर मागे सरकवला. दोन जाळ्यांच्या मधे करडा, जाड थर बसला होता. त्यानं टोक धरून ओढलं, तर अख्खं घोंगडंच बाहेर आलं. लूममधून उडणारा कापसाचा तंतू! गाडी उभी असायची तिथंच कारखान्याचा पंखा तो बाहेर फेकत होता. रोज थोडा थोडा आत जाऊन त्यानं वाऱ्याची वाट बुजवली होती.

लडकूनं कपाळावर हात मारला. "आपल्याच कारखान्याचा कापूस!"

दोन्ही जाळ्या मागच्या बाजूनं धुऊन संध्याकाळच्या आत सगळं जागेवर बसलं. तरीही लडकूचा जीव थाऱ्यावर नव्हता. "तू बरोबर चल," तो म्हणाला. यादवनं रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि त्यांच्या आईला घेऊन मुंबईहून परतताना कशेळीच्या पुलाच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला आणि मागे रांग लागली. भर दुपार. पुढच्या बसमधली माणसं उतरून झाडाखाली गेली. लडकूची नजर काट्यावर खिळली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. काटा हलला नाही. यादवनं तोंडासमोरच्या एसीच्या फटीवर हात धरला होता, तो त्यानं काढलाच नाही. मागे डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. ती चुळबुळली.

"क्या हुआ, अम्मी?" शेठ घाबरले.

"चादर दे बेटा. ठंड लग रही है."

लडकूनं स्टिअरिंगवर थाप मारली आणि मोठ्यानं हसला. शेठही हसायला लागले. यादवला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. मे महिन्यात, रस्त्यावर अडकलेल्या गाडीत एका माणसाला हुडहुडी भरली होती, आणि ती त्याच्या हातची होती.

गाडी त्या दिवसापासून कारखान्याच्या दुसऱ्या अंगाला उभी राहू लागली. रसूलशेठ बर्फ कारखान्याच्या मालकाकडे स्वतः गेले. काय बोलले ते कळलं नाही, पण पावसाळा लागायच्या आत यादव सर्टिफिकेटाशिवायच ऑपरेटर झाला. पहिल्या दिवशी सहीसाठी रजिस्टर समोर आलं तेव्हा त्यानं घाई केली नाही. पेनाचं टोक पुसलं, बाकावर नीट बसला आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.