माझ्या नावावरच्या बारा मोटारी

आठवीतच शाळा सुटली आणि कामाच्या मागे फिरत सांगलीकडून इतक्या लांब, साकोली तालुक्यात येऊन पडलो. शेतातल्या मोटारींना सिमकार्डाचा डबा बसवायचा, हे काम. घरून फोन लावला की डबा मोटार सुरू करतो आणि उलटा फोन करून तसं सांगतो. वीज गेली, मोटार थांबली, की तोच फोनवर कळवतो.

बसवताना एक चूक केली. कुणाचं आधार सापडत नव्हतं, कुणी रोवणीवर, म्हणजे धानाच्या लावणीला. म्हटलं, असू दे, सिम माझ्याच नावावर घेतो. दोन-तीन दुकानं फिरून बारा घेतली, डब्यांच्या निरोपासाठी नंबरही माझाच दिला. डबे पटापट लागले, ठेकेदार खूश. मग मोबाइल कंपनीचा मेसेज आला: एकाच्या नावावर इतकी सिम चालत नाहीत, यंत्रातलं सिम वापरणाऱ्याच्या नावावर करा, नाहीतर आठवड्यात बंद होतील. इकडे धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. आता पाणी चुकलं तर सगळ्या पोचट.

पळून जावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकोडी गावात मला पहिल्यांदा जेवायला विचारलं ते एका काकूंनी. त्यांचे गुडघे दुखतात आणि मोटार नाल्यापलीकडे. आधी त्यांच्याकडेच गेलो, सगळं सांगितलं.

"काहून रे, माह्या मोटारीचा मालक तू हायेस का?"

"कागदावर आहे, काकू."

"अन् तू गावाले निंगून गेलास त? माहा धान कोनाले फोन करन?"

तोवर तो नियम मला नुसता जाच वाटत होता.

सिम त्यांच्या नावावर करायला साकोलीच्या मोबाइल दुकानात त्यांना घेऊन गेलो. चिखलात झिजलेली बोटं, आधारचं यंत्र अंगठा घेईना. दुसऱ्या दिवशीही तेच.

"राहू दे बापा. जाईन मी मोटारीपर्यंत चालत."

"दहा बोटं आहेत, काकू. एक तरी लागेल."

तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.

घरी येऊन निरोपासाठी त्यांचा नंबर घातला, मग त्यांनी ओसरीतून फोन लावला. सवयीने मी माझाच मोबाइल बघत बसलो. वाजला त्यांच्या हातातला.

"चालू झाली म्हनते," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

"नको काकू. तीन दिवस गेले, अजून अकरा घरं आहेत."

"मंग बांधून ने. अकरा घरं उपाशी फिरशीन का?"