'बाय'पुढचं नाव

मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी, तसा मुलांचा पेपर दोन बोटांत धरून आमचे इंग्रजीचे सर स्टाफरूममध्ये येत. "ऐका," म्हणत. "हे वाचलं असतं तर इंग्रज आपण होऊनच गेले असते." मग चहा येईपर्यंत वाचन चाले.

कुणी लिहिलेलं असे, 'यस्टर्डे आय विल गो टू वालूर बाजार.' "काल जाईन म्हणतोय. काळाचा पत्ता नाही आणि निघाला बाजाराला." कुणाच्या निबंधात म्हशीला 'शी'ऐवजी 'ही' म्हटलेलं असे. "रेड्याचं दूध काढतात हे लोक." सगळे हसत. ही पोरं शेतातून परस्पर शाळेत यायची. घरात इंग्रजी अक्षर असलंच तर ते खताच्या पोत्यावर.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. तुम्हीही असे इंग्रजीचे सर पाहिले असतील: कडक इस्त्री, खिशात तांबडा पेन आणि सगळं ज्ञान गाईडातलं. तपासणीला साहेब आले आणि इंग्रजीत काही विचारू लागले, की यांचा घसा हमखास बसायचा. गळ्याला हात लावून मान हलवायचे. साहेब गेले की घसा मोकळा.

चुकांतही ते माणसं पाहत. पाटलाच्या पोरानं 'ही गो' लिहिलं तर "घाईत एस राहिला." बौद्धवाड्यातल्या पोरानं लिहिलं तर, "हे विद्यापीठाचं नाव बदलायला निघालेत. आधी 'गो'चा भूतकाळ सांगा म्हणावं." नामांतराची दंगल होऊन फार वर्षं झाली नव्हती. स्टाफरूममध्ये बौद्ध शिक्षक एकच होते. ते खिडकीबाहेर बघत.

दहावीत त्याच वाड्यातली एक मुलगी होती. सडपातळ, कमी बोलणारी. 'अवर हाऊस' या निबंधात तिनं लिहिलं, 'अवर हाऊस वॉज बर्न.' आमच्या दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा होता, त्यामुळं पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"बर्न नाही, बर्न्ट," सरांचा आवाज चढला. "आणि अर्धंच वाक्य? पॅसिव्ह शिकवून माझी जीभ झिजली. कुणी जाळलं? बाय लावून करणारा लिहायचा. बाय हूम?"

"नावं लिहायची का, सर?" तिनं विचारलं.

दंगलीत ज्यांनी वाड्यातली घरं जाळली त्यांतल्या दोघांची पोरं त्याच वर्गात बसत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, सरांनाही.

"करणारा माहीत नसला तर बाय लिहीत नाहीत," सर म्हणाले. "बस खाली."

"म्हाईत हाय, सर."

"बस म्हणलं ना." हे इतक्या हळू म्हणाले, की मला जेमतेम ऐकू आलं.

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. हेडमास्तरांकडं जाऊन म्हणाले, "त्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घाला." दहावीची तुकडी एकच होती. हेडमास्तरांनी तेवढंच सांगितलं आणि पुढ्यातले कागद चाळू लागले.

मग सरांनी वेगळाच मार्ग काढला. तिचे पेपर न वाचता खाली सही करून परत देऊ लागले. एक चूक दाखवीनात. दिवाळीनंतर ती माझ्याकडं आली. "इंग्रजीचे सर माझं तपासंनात. चुका होयलेत, मला कळतंय, पण कुठं ते कळंना. तुमी सांगा त्यांना."

मी तिला घेऊन त्यांच्याकडं गेलो. ते व्हरांड्यात सायकलला कुलूप लावत होते.

"तिचं बरोबर असतं आता," ते माझ्याकडं बघून म्हणाले.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मला बोर्डाला बसायचंय. काय म्हणायचं ते म्हणा, पण तपासा."

इतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. एका मुलीसमोर त्यांची नजर कुठं टेकेना. शेवटी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि तांबडा पेन काढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागद तांबडा झाला. टोमणा मात्र एकही नाही. ती शेजारी उभी राहून प्रत्येक चुकीचं कारण विचारत होती. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत हे असंच चाललं.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. निकाल लागायच्या आतच सर बदली मागून पाथरीकडं निघून गेले. जाताना कुणाला भेटले नाहीत. आम्हालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही.

पुढं विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं, त्या उन्हाळ्यात ते मला परभणीच्या स्टँडवर दिसले. निवृत्त झाले होते. इस्त्री गेली होती, दाढीचे खुंट पांढरे. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "ती मुलगी कुठं असते?"

नाव त्यांनी घेतलं नाही. कोणती, हे मला विचारावंही लागलं नाही.

"ताडकळसकडं हायस्कूलवर आहे. इंग्रजी शिकवते."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझं नाव काढते का कधी?"

'काढते' म्हणालो असतो तर माझं काही जाणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"बरंय," ते म्हणाले. तेवढ्यात बस लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले, आणि ते पिशवी छातीशी धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.