चिल्लरकाकांचा डबा

चिल्लरकाकांचं खरं नाव बसडेपोच्या हजेरीपटावरच राहिलं. बत्तीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. गळ्यातल्या चामडी पिशवीत एखादं वेगळं नाणं आलं, की खिशातलं तेवढ्याच किमतीचं पिशवीत टाकायचं आणि ते उचलायचं, असा त्यांचा शिरस्ता. नवशिक्यांनाही ते हेच सांगत. "नाणी जमवायला श्रीमंती लागत नाही हो, नजर लागते. रोज हातातून जातं तेच आधी बघा. बाजारात जुनं म्हणून जे गळ्यात मारतात, त्यातलं निम्मं परवा ओतलेलं असतं."

निवृत्तीनंतर ते दुपारभर जिन्याच्या पायरीवर बसत आणि लोक सल्ला विचारायला येत. न्हावी येई, शाळेतल्या बाई येत, औषधवाला तर दुकान उघडं टाकून येई. काका कुणालाच परत पाठवत नसत. नाणं कडेनं धरा, छाप्यावर अंगठा टेकवू नका. एकच काहीतरी धरा, फक्त जहाजं नाहीतर फक्त पक्षी. दिसेल ते गोळा केलंत तर भंगारवाले व्हाल. कुठे मिळालं, कुणाकडून मिळालं, ते त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकलंत की विसरलंत. आणि शेवटी आवाज चढवून, "काय वाट्टेल ते करा, पण नाणं घासू नका! तांब्यावरचा काळपट थर म्हणजे त्याची कातडी. सोललीत की गेली."

घरात मात्र त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कपाटात कुलपात, आणि किल्ली काकांच्या खिशात. सुनेला या घरात येऊन चार वर्षं झाली होती. दिवसभर ती शिवणकारखान्यात असायची, त्यामुळे पायरीवरचं ज्ञान काही तिच्या कानावर पडत नसे. एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, बघू का तुमची नाणी?" काका म्हणाले, "बघू नंतर." ते नंतर काही उजाडलंच नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग वाचनालयानं काकांच्या नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं. माणूस नुसता हवेत होता. आदल्या दिवशी सकाळीच काचेची पेटी बघायला गेले, ते किल्ली कपाटाला तशीच ठेवून.

परत आले तर स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पिळून चोथा झालेली लिंबं, मिठाची वाटी, आणि तांब्याची एकवीस नाणी नव्या भांड्यांसारखी लखलखत होती. शेवटचं सुनेच्या हातात होतं. नेमकं ते भोकाचं! नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हातारीनं तिकिटासाठी ते पुढे केलं होतं. केव्हाच चलनातून गेलेलं. काकांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले, नाणं ठेवून घेतलं आणि तिथून हे वेड लागलं.

"उद्या एवढी माणसं येणार बाबा, अशी मळकी कशी न्यायची?" सून म्हणाली. "आज कारखान्यात गेलेच नाही." तिच्या बोटांची टोकं लिंबानं पांढरी पडली होती.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितलं तुला हे?"

त्यांचा चेहरा बघून तिचा हात थांबला. "कुणीच नाही. मला कोण काय सांगणार? जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यालासुद्धा तुम्ही बसवून शिकवता. मी घरातलीच ना."

काकांना राग आला होताच, पण आता त्याहून जास्त लाज वाटली. ते खुर्चीवर बसले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून सरळच म्हणाले, "यांची किंमत गेली, पोरी. आता काही करता यायचं नाही." ती रडायला लागली. काका उठले, डबा घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला. "डोळे पूस. हे चांदीचं. कडेनं धर, हां, अस्सं." जेवणं उलटून गेली तरी दोघं एकेक नाणं हातात घेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पेटीत ती एकवीस नाणीही झळकत होती. खाली काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'घासलेली. किंमत शून्य. विकणे नाही.' सुनेनं ती वाचली आणि पदर तोंडाला लावून हसली.

औषधवाला एका नवशिक्याला घेऊन आला. "काकांचा पहिला नियम मला तोंडपाठ आहे," तो म्हणाला. "नाणं घासायचं नाही!"

"तो दुसरा," काका म्हणाले. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. "पहिला हा, की डबा आधी घरच्यांना दाखवायचा."