मायनस अडीचचा मान

मी माझ्याच चष्म्यावर बसलो, आणि दुसऱ्या दिवशी भाच्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. आमच्या सौंसरात नवा चष्मा आठवड्यानं मिळणार होता, म्हणून चाचपडत पांढुर्ण्याला आलो. पाट्या वाचता येत नव्हत्या. जिथं गर्दी तिथला माल चांगला, असं ठरवून भरलेल्या एका दुकानात शिरलो.

बाकावर रामाकोना गावाकडचा एक म्हातारा होता. त्याच्या गालाला गमछा बांधलेला. बोलायचं झालं की तो गाठ सैल करायचा, बोलून झालं की पुन्हा आवळायचा.

"भाऊ, तुमचा नंबर किती?"

"मायनस अडीच."

"माहा सातवा. मायनस म्हणजे तं तुम्ही एकच्याही पहिले!" त्यानं बाकावरच्या सगळ्यांना दटावून मला थेट आत धाडलं.

आतल्या खुर्चीत डॉक्टर म्हणाले, "आ करा."

मी म्हटलं, "डोळ्यांसाठी?"

"चष्म्याचं दुकान शेजारी हाय. इथं दात काढतो."

म्हाताऱ्यानंच मग हात धरून मला शेजारी नेलं. संध्याकाळी चष्मा मिळेल, असं तिथं कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला आणि आवाजही.

"बाबाजी, मी डोळे बारीक करून पाहून राहिलो होतो. तुम्हाले समजलं नाही?"

त्यानं शांतपणे गाठ सैल केली. "मले वाटलं, अक्कलदाढ दुखून राहिली. तुमची तं आलीच नाही वाटते."

आणि गाठ आवळून तो आपल्या नंबराला परत गेला.