धुतलेले पाय

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. चौलजवळ, आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वाडीत चर्चचा एक सेवेकरी होता; घंटा तोच वाजवायचा आणि पोरांना येशूची गोष्टही तोच सांगायचा. ढब अशी, की येशू कालच चौलच्या बाजारात भेटला असावा. "सुताराचा पोर हाय तो. कोळ्यांत बसायचा, कोळ्यांत जेवायचा. मोठ्या लोकांना तेच खुपलं." दर वाक्यानंतर मिशीवरून बोट फिरायचं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाद्री बारा जणांचे पाय धुतो, येशूने शिष्यांचे धुतले तसे. ते बारा जण हाच निवडायचा आणि आधी विहिरीवर नेऊन त्यांचे पाय साबणाने घासून घ्यायचा. दारात उभं राहून बघताना मला याचं हसू यायचं.

एका वर्षी बारातला एक तापाने आडवा झाला. रिकाम्या जागेवर मिठागरात राबणारा एक म्हातारा येऊन बसला. जन्मभर चर्चला येणारा, मिठाने पावलं चिघळलेली. सेवेकऱ्याने वाकून त्याला हळूच सांगितलं, "पाय बघ तुझं. फादरच्या हाताला लागंल. ऊठ." म्हातारा उठला. मग चपला काढून हा स्वतःच तिथे बसला.

नंतर पायरीवर त्याने पोरांना तीच गोष्ट सांगितली. गुरूने चाकरासारखे गुडघे टेकले, इथे येताच त्याने बाहीने डोळे पुसले. खाली उभा राहून म्हातारा मान डोलावत होता.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. ढोंगी असता, तर मी त्याला केव्हाच विसरलो असतो.