शाळेची चार बोटं झुकलेली भिंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय.

महागावजवळच्या आमच्या गावात दगडी शाळा होती. सागवानी खांब सोळा, खिडक्या नऊ. दुपारी कौलांतून कवडसे उतरत, पाढे घुमत, आणि सगळी शाळाच पाण्याखाली असल्यासारखी वाटे — डोळे मिटले की अजून वाटते.

दुपारनंतर तिची सावली अंगणात लांबवर पडे. त्या सावलीत तांड्यावरच्या सकरीबाईनं कडुनिंबाची रोपं लावली होती. ती शाळेत पाणी भरायची. घागरीत उरलेलं रोपांना घालायची. रोपं सतरा — मीच मोजली होती.

गावातली मोजमापं मीच करायचो; माझ्या आकड्याला मान होता. जिल्हा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या साली सभेत जुनी शाळा पाडून नवी बांधायचा विषय निघाला. मी नुसत्या नजरेनं सांगून टाकलं — मागची भिंत चार बोटं झुकलीय. का बोललो? सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून. दुसरं कारण मला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून ओळंबा सोडला. हेलकावे थांबेपर्यंत वाट पाहिली. तीनदा मोजलं.

भिंत सरळ होती.

सकरीबाई घागर टेकवून पाहत होती. "भाऊ, मले तं सरळच दिसून राह्यली. पाडता काहून मंग?"

"तुले काय समजते मोजमापातलं? पाणी भर तू."

तिनं घागर उचलली. मी कागदावर लिहिलं — चार बोटं. सही केली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पुन्हा मोजलं नाही. सही माझी होती ना?

शाळा पाडताना त्या एका भिंतीलाच अकरा दिवस लागले. लोखंडी सब्बल वाजे, दगड हलेना. एक मजूर ओरडला, "काकाजी, तुमची झुकेल भिंत आमालेच झुकवून राह्यली!" सगळे हसले. मीही हसलो.

नवी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला झाली, टिनाची. जुन्या अंगणात वैशाखाचं ऊन थेट उतरू लागलं. सकरीबाई तिथवर घागरी वाहत राहिली — तरी सतरातली चौदा रोपं जळाली.

एकदा ती वाटेत भेटली. रिकामी घागर कमरेवर. म्हणाली, "तुमीच बरोबर असान, भाऊ. मी अडाणी बाई."

वाटेवर आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं.

मी मान डोलावली — हो म्हणून — आणि पुढे चालू लागलो.